शेवट पुढच्या महिन्यात

आमच्या विज्ञानकथा मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घालणारे मंडळातलेच तिघंचौघं, ज्यांना स्वतःला लिहायचा कंटाळा. "मॅडम, तुम्ही सुरुवातीपासून आहात ना!" सुरुवातीपासून असणं हा एक गुन्हाच आहे. कागदोपत्री आमच्याकडे काही नाही. फोटो ज्यांच्या मोबाइलमध्ये होते त्यांचे मोबाइल बदलले. म्हणजे जे काही आहे ते माझ्या डोक्यात, आणि माझं डोकं कसं आहे ते मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

मंडळ काढलं साहेबांनी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते मेंटेनन्सचे इंजिनिअर होते. 'साहेब' ही उपाधी तिथं चिकटली ती चिकटलीच. पुढे कंपनी बंद पडली. शेवटच्या दिवशी एकेक पंप बंद करत जायचं काम त्यांच्याकडे होतं. ते आटोपून बाहेर आले, गेटवर सगळ्यांनी गळाभेटी घेतल्या, 'भेटत राहू' म्हणाले, आणि त्यानंतर कुणीही कुणाला भेटलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बशीत चहा ओतता ओतता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. यंत्रमानव, परग्रह, काळप्रवास हे सगळं त्यांना मनापासून आवडायचं, त्यात खोट नाही. पण मंडळ काढल्यापासून त्यांना धास्ती एकच होती. पुढच्या महिन्यात कुणी आलंच नाही तर?

मी वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. कोपरखैरण्यात आमच्या घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली : विज्ञानकथा वाचणाऱ्यांनी भेटावे. वर्गणी नाही. चहा आहे. मी चहासाठी गेले असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे विज्ञानकथांमधल्या चुका काढायची मला खोड, आणि त्या ऐकून घेणारं घरात कुणी उरलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "अगं, ते यान उडतंय ना? मग उडू दे की!"

पहिले काही महिने आम्ही साहेबांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी हॉल नाकारला. रविवारी सकाळी दहा-बारा अनोळखी माणसं येतात, दार लावून बसतात आणि बाहेर पडताना खूश दिसतात, म्हणजे हे चेन मार्केटिंगच असणार, असा त्यांचा तर्क. साहेबांनी त्यांना आत बसून खात्री करून घ्यायला सांगितलं. ते बसले. गुरू ग्रहाच्या चंद्रावर बर्फाखाली सापडलेल्या माशांची कथा चालली होती. ती संपल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण तुम्ही विकता काय?"

मग दादा भेटले. दादा बोनकोड्याचे, मूळचे गाववाले. बापजाद्यांची शेती नव्या शहरात गेली, त्यावर त्यांनी जमेल तशी बिल्डिंग उठवली आणि खाली टाइल्सचं दुकान काढलं. साहेब तिथं बाथरूमच्या टाइल्स घ्यायला गेले आणि वरची खोली मिळवून आले. साहेबांचं बोलणं असंच असायचं, समोरच्याला कधी 'हो' म्हणून बसलो ते कळायचं नाही. खोलीत टाइल्सची खोकी रचलेली. त्यावरच बसायचं. पाठीला रग लागायची, पण पंखा चांगला होता.

दादा पहिल्या दिवशी वर आले ते पंखा-लाइट नीट बंद करतोय की नाही ते बघायला. मंगळावर वसाहत होते अशी कथा होती. वाचून झाल्यावर दादांनी दारातूनच विचारलं, "पन त्या मंगलावर जमीन कोनाची व्हती?"

साहेबांनी पानं पुन्हा चाळून बघितली.

"नाय, एवढी मोठी वस्ती बसवली, तर आदीचा कोनतरी असंलच ना! त्याला काय भेटला?"

साहेब खोक्यावरून उठले आणि स्वतःची जागा दादांना दिली. तेव्हापासून दादा मंडळाचे. कुठल्याही ग्रहाची कथा असो, दादांच्या डोक्यातला शेवट ठरलेला : मूळ रहिवासी मोर्चा काढणार, बोलणी होणार आणि शेवटी, गेलेल्या शेतीच्या बदल्यात सरकार गाववाल्यांना देतं तसे, त्यांना साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळणार. आम्ही हसायचो. दादाही हसायचे, पण शेवट बदलायचे नाहीत.

आता मंडळाची जी रीत झाली तिच्याबद्दल. दुसऱ्या वर्षी गर्दी ओसरली. कुणाच्या पोरांचे क्लासेस, कुणाचं गावी घराचं बांधकाम, कुणाला नुसताच आळस. एका रविवारी आम्ही चार टाळकी उरलो, त्यातले एक साहेब आणि एक दादा, ज्यांचीच खोली. साहेब कथा वाचत होते. शेवटचं पान आलं तसे ते थांबले, कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"शेवट पुढच्या महिन्यात," ते म्हणाले.

"हा काय चावटपणा?" मी म्हणाले. अगदी याच शब्दांत.

"तोवर तुम्ही सांगा, काय होईल ते."

मी घरी गेले ती दारं आपटत. महिनाभर ती कथा डोक्यात वळवळत राहिली. पुढच्या महिन्यात चारही जण हजर, शिवाय दोघं नवे, कारण आमच्यातल्या एकानं ऑफिसात ही गोष्ट सांगितली होती आणि त्यांनाही शेवट हवा होता. झालं! साहेबांना किल्ली सापडली. आधी प्रत्येकानं आपला शेवट सांगायचा आणि खरा शेवट महिन्यानं ऐकायचा. दोन शेवटांना मात्र बंदी. 'यंत्रच बिघडलं होतं' हा एक, कारण साहेबांनी आयुष्यभर यंत्रं सांभाळली होती आणि यंत्राच्या नावावर काहीही खपवणाऱ्यांचा त्यांना राग होता. आणि 'तो जागा झाला, सगळं स्वप्न होतं' हा दुसरा. याचा तर तिरस्कारच. "गोष्ट सांगणारा पळून गेला, एवढाच त्याचा अर्थ," म्हणायचे. बंदी मोडणाऱ्यानं सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. एका गृहस्थांनी चांगल्या हिरिरीनं स्वप्नाचा शेवट सांगितला होता, त्यांनी विसळल्या, आणि पुन्हा आले नाहीत.

या रितीवर मंडळ वर्षानुवर्षं चाललं. मध्ये वाशीकडच्या काहींनी वेगळी चूल मांडली. त्यांना कार्यशाळा हव्या होत्या, सर्टिफिकेटं हवी होती. त्यांच्या उद्घाटनाला आम्ही गेलो, ढोकळा खाल्ला, हार घातले. वर्षभरात ते बंद पडलं. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. तळवलीहून एक आयटीवाला यायला लागला, तिशीतला, दोन लहान मुलांचा बाप, स्वभावानं भला. त्यानं व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्यावर लोक सकाळी फुलांची चित्रं टाकायला लागले, तेव्हा साहेबांनी त्याला तो बंद करायला लावला. "इथं भेटले की तिथं येत नाहीत," ते खोलीकडे बोट दाखवून म्हणाले.

साहेबांनी स्वतः कधी काही लिहिलं नव्हतं. नेहमी दुसऱ्यांच्या कथा वाचायचे. एका रविवारी मात्र हातात फुलस्केप कागद घेऊन आले, स्वतःच्या अक्षरातले. कान लाल झालेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण लग्न ठरल्याचं सांगायला आल्यासारखा उभा.

कथा साधी होती. दूरच्या एका चंद्रावर खाणीची वस्ती आहे. खाण संपते, वस्ती बंद करायचं ठरतं. सगळे यानात बसतात. हवा तयार करणाऱ्या प्लांटचा ऑपरेटर तेवढा मागे राहतो, शेवटचं बटण बंद करायला. नियम असा की आत एक जरी माणूस श्वास घेत असेल, तरी प्लांट बंद करायचा नाही, त्याला शोधायला पथक पाठवत राहायचं. ऑपरेटर मीटर बघतो. आत तो एकटाच, पण हवा मात्र दोन माणसांची खर्च होतेय. तो यानाला तसं कळवतो. रेडिओवरून कॅप्टन विचारतो, "आत दुसरं कोण आहे?"

इथं साहेब थांबले.

फिजिक्समध्ये मी चूक शोधत होते. सापडली नाही.

"पुढचा पान कुटं हाय?" दादांनी साहेबांच्या खिशाकडे हात नेला.

"लिहिलंच नाही अजून. डोक्यात आहे. तुमचे शेवट ऐकतो, मग लिहितो."

त्या दिवशी आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी कधीच झाली नसतील. जिना उतरतानाही चालूच. दादांचं म्हणणं, दुसरा श्वास मूळ रहिवाशाचा, आणि आता प्लॉट द्यावेच लागतील. साहेब वर दारात उभे राहून ऐकत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढची सभा यायच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की समजतं सगळं, बोलता मात्र येणार नाही, लिहिताही येणार नाही. डावा हात हलतो आणि मान हलते, तेवढंच.

आम्ही भेटायला गेलो. साहेब घरातल्या हॉलमध्ये पलंगावर उशांना टेकून बसले होते. मग दादांनी वहिनींना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, विचारलं, "वहिनी, तो शेवट कुटं लिवून ठेवलाय का हो?"

या वहिनींबद्दल आम्ही एक ठरवून टाकलं होतं, की त्यांना विज्ञानकथेचं काही देणंघेणं नाही. त्या कधी सभेला आल्या नव्हत्या. साहेब फोनवर परग्रहाबद्दल बोलत असले की मागून त्यांचा आवाज यायचा, "जरा खाली उतरा, गॅस संपलाय!"

"कागद नाही कुठला," वहिनी म्हणाल्या. आम्ही माना हलवल्या. विषय संपला.

साहेबांना बोनकोड्याचा जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून मंडळ त्यांच्या हॉलमध्ये आलं. सोसायटीचे सेक्रेटरी या वेळी काही बोलले नाहीत, उलट दोन खुर्च्या पाठवल्या. आम्ही ठरवलं की आता शेवट शोधायचा. प्रत्येकानं सांगायचा, बरोबर असेल तर साहेब मान डोलवतील. वहिनी पोहे करायच्या. दर वेळी पोहेच, शेंगदाण्यांनी भरलेले.

पहिल्या खेपेला सगळे चुकले. कुणी म्हणालं दुसरा श्वास झाडाचा, कुणी म्हणालं परग्रहवासी, कुणी ऑपरेटरचा भविष्यातून आलेला अवतार. साहेब मान हलवत राहिले, नाही, नाही.

दुसऱ्या खेपेला मी सांगितलं. माझं म्हणणं होतं, आत दुसरं कुणी नाहीच. मीटर ठणठणीत आहे. ऑपरेटरनंच एक झडप किंचित उघडी ठेवलीय, हवा गळू दिलीय. कुणीतरी आत आहे असं वाटत राहिलं तर वस्ती बंद करता येणार नाही. शोधायला माणसं येत राहतील.

दादासुद्धा प्लॉट विसरले. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. नाही.

मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये, कळतं मला. पण मी वाद घातला! म्हटलं, "साहेब, गणितात बसतोय, नियमात बसतोय, तुमच्या स्वभावात बसतोय. मग नाही कसा?" ते नाहीच म्हणत राहिले. जिना उतरताना मी दादांना म्हणाले की साहेबांच्या डोक्यातला शेवट माझ्याइतका चांगला नसणार. दादा म्हणाले, "म्याडम, तुमी तर हारल्यावर पन जिंकता."

त्यानंतर पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. प्रत्येक महिन्यात आम्ही जायचो, शेवट सांगायचो, पोहे खायचो. साहेबांचं नाही ते नाहीच. हळूहळू शेवट आटले. लोक तेच तेच फिरवून सांगायला लागले, मग यायचे थांबले. आयटीवाल्यानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, मला वाईट वाटतं, पण ही स्टोरी आता क्लोज करूया. नाहीतर मंडळच बसेल. पुढच्या महिन्यापासून दादांच्या खोलीवर नवी कथा सुरू करू. साहेबांना अधूनमधून भेटत राहू."

भेटत राहू. त्याला बिचाऱ्याला ती गेटवरची गोष्ट माहीत नव्हती. मला होती, तरी मी हो म्हणाले, कारण त्याचं चूक नव्हतं. सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे. वाईट बातम्या नेहमी सुरुवातीपासून असलेल्या माणसाकडे येतात.

त्या रविवारी आम्ही पाचच जण. सगळ्यांसमोर सांगायच्या आधी वहिनींच्या कानावर घालावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. त्या कोथिंबीर चिरत होत्या.

"वहिनी, आता पुढच्या महिन्यापासून आम्ही परत दादांच्या खोलीवर जमावं म्हणतोय."

"शेवट मिळाला नाही म्हणून?"

"किती दिवस चालवणार? मिळणार नाही तो."

"मिळाला होता की." सुरी थांबली नाही. "तुम्हीच सांगितलात. दुसऱ्या खेपेला."

"तुम्हाला काय माहीत?" मी म्हणाले. हे मी अतिशय उद्धटपणे म्हणाले.

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? लिहायच्या आधी आठवडाभर रोज मलाच सांगत होते. मी गवार मोडत बसायचे, ते सांगत बसायचे. झडपेचं पण सांगितलं होतं, कुठली, किती उघडी, सगळं."

"मग आम्ही विचारलं तेव्हा—"

"तुम्ही कागद विचारलात. कागद नव्हता. शेवट माहीत आहे का, असं मला कुणी विचारलंच नाही."

सगळा जन्म शेवट ओळखण्यात घालवलेली आम्ही शहाणी माणसं, आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या बाईला एक प्रश्न विचारायचं आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

"पण मग ते नाही का म्हणाले?"

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "मीपण तेच विचारलं. त्या दिवशी तुम्ही सगळे खाली उतरलात, मी दार लावलं आणि म्हटलं, अहो, बरोबर सांगितलं ना मॅडमनी, मग बिचारीला चिडवता कशाला? तर डाव्या हातानं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवायला लागले. मला कळेना. पान उलटायला लावलं. पुढच्या महिन्याचं. आणि रविवारवर बोट ठेवलं." त्यांनी कोथिंबीर पोह्यांवर घातली. "तेव्हा मी पण गप्प बसले. आता तुम्ही जाणारच म्हणताय, म्हणून सांगितलं."

मला रडू आलं. मला सहसा येत नाही आणि आलं तर आवडत नाही. मी नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं. वहिनींनी नॅपकिन दिला.

बाहेर आले तर आयटीवाला माझ्याकडे बघत होता. "मॅडम, सांगताय ना?"

"सांगते. आधी माझा शेवट."

"तुमचा झालाय ना?"

"नवा आहे." मी साहेबांच्या समोरची खुर्ची ओढली. "कॅप्टन विचारतो, आत दुसरं कोण आहे? आणि तेवढ्यात ऑपरेटर जागा होतो. बघतो तर काय, घरीच झोपलेला. सगळं स्वप्न होतं."

दादांनी माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं. "म्याडम, बरा वाटत नाय का?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं वहिनी पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. परत माझ्याकडे पाहिलं. आणि मग त्यांचं अर्धं तोंड हसायला लागलं, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यात ते मान हलवत होते. नाही. नाही. नाही.

"नाही?" मी म्हणाले. "बरं. मग पुढच्या महिन्यात."

आयटीवाल्यानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं, वर्गात मागच्या बाकाकडे बघायचे तसं, आणि त्यानं ते मिटलं.

"पुडच्या टायमाला पयला नंबर माजा," दादा म्हणाले. "माज्याकडं अजून एक हाय."

"प्लॉटचाच ना?"

"त्यातलाच, पन जरा येगला."

पोहे झाले, चहा झाला. नियम तो नियम, म्हणून सगळ्यांच्या कपबशा मी विसळल्या. वहिनी शेजारी उभ्या राहून पुसत होत्या.

"पुढच्या वेळी काय करू?" त्यांनी विचारलं.

"उपमा," मी म्हणाले. "पोह्यांचा कंटाळा आलाय."